मुदत, जबानी आणि पुढचे पान

‘रहस्यकथा’ आणि ‘थरारकथा’ हे दोन शब्द मराठीत बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या दोन निराळ्या जाती आहेत. रहस्यकथेत गुन्हा आधीच घडून गेलेला असतो आणि तो कोणी केला हे तपास करणाऱ्याच्या मागोमाग चालत वाचकाने शोधायचे असते, तर थरारकथेत अनर्थ अजून घडायचा असतो, त्याची कुणकुण वाचकाला लागलेली असते आणि तो टळतो की नाही या एकाच प्रश्नावर सगळी पाने तोललेली असतात. पहिलीचे बळ कोड्यात असते, दुसरीचे मुदतीत. ही दुसरी जात शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रम गेल्या दहा वर्षांत उभे राहिले. ‘मास्टरक्लास’ या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये जेम्स पॅटरसन यांचा आणि २०१८ मध्ये डॅन ब्राउन यांचा अभ्यासक्रम आणला, २०२० च्या टाळेबंदीनंतर मराठीतील कथालेखनाच्या कार्यशाळाही झूमवर भरू लागल्या, आणि ज्याला पूर्वी अशा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागला असता तो बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा किंवा केजचा होतकरू लेखक घरात बसून मोबाइलवर धडे ऐकू लागला. साधन नवे आहे यात शंका नाही. पण त्या धड्यांत जे शिकवले जाते, म्हणजे मुदत कशी घालावी, माहिती कोणत्या क्रमाने सोडावी, खोट्या ओळखीचा माणूस कसा उभा करावा आणि वाचकाला पुढचे पान उलटायला कसे भाग पाडावे, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला बालाघाटाच्या या मुलखात आणि त्याच्या शेजारी जुने शिक्षक होऊन गेले आहेत. त्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, कारण त्यांपैकी कोणी स्वतःला थरारकथेचा शिक्षक म्हणवून घेतले नव्हते.

यांतील सर्वांत जुना धडा संतकवी दासोपंतांच्या चरित्रात सापडतो. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ असा मानला जातो. ते मूळचे नारायणपेठचे, पण त्यांचे आयुष्य आणि लेखन अंबाजोगाईशी बांधले गेले. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी लिहिलेली ‘पासोडी’, म्हणजे पंचीकरणाचे तत्त्वज्ञान चित्राकृतींसह मांडणारा कापडी ग्रंथ, ही मराठी लेखनाच्या इतिहासातील एक अपूर्व वस्तू आहे, आणि अंबाजोगाईतील थोरले व धाकटे देवघर ही त्यांच्या परंपरेची ठिकाणे आजही नांदती आहेत. परंतु गावोगावच्या श्रोत्यांच्या मनात दासोपंत राहिले ते पासोडीमुळे नव्हे, तर त्यांच्या लहानपणीच्या एका कथेमुळे. वडील दिगंबरपंत हे देशपांडे, म्हणजे सरकारसाठी सारा जमा करणारे वतनदार. साऱ्याची रक्कम थकली, बेदरच्या दरबाराने बाकी वसूल होईपर्यंत मुलाला ओलीस ठेवून घेतले, आणि ठरलेल्या मुदतीत पैसा आला नाही तर मुलाने आपले घर आणि धर्म सोडून कायमचे तिथेच राहावे असा हुकूम झाला. मुदत सरत आली, घरून काहीच येईना, आणि अगदी अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार असे नाव सांगणारा एक अनोळखी माणूस दरबारात आला, त्याने पैसे मोजले आणि मुलाला सोडवून निघून गेला. पाडेवार नावाचा असा कोणी सेवक घरच्यांना माहीत नव्हता. साक्षात दत्तानेच ते रूप घेतले होते असा उलगडा कथेत शेवटी होतो.

ही कथा संतचरित्रातील आहे, दप्तरातील नोंद नव्हे, आणि तिच्याकडे त्याच भावनेने पाहिले पाहिजे. तिची रचना मात्र आजच्या कोणत्याही थरारकथेच्या शिक्षकाने फळ्यावर काढून दाखवावी अशी आहे. रक्कम ठरलेली आहे, दिवस ठरलेला आहे, पणाला लागलेला जीव लहान मुलाचा आहे, आणि सुटका ज्याच्या हातून होते त्याची ओळख लपवलेली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेतही बेदरचाच दरबार आहे. दुष्काळात सरकारी कोठारे खुली करून लोकांना धान्य वाटल्याबद्दल दामाजींना बोलावणे येते आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंग धान्याचे पैसे भरतो. तिथे आणखी एक गोष्ट घडते: भरलेल्या पैशांची रसीद दामाजीच्या पोथीत सापडते. पुराव्याची वस्तू नायकाच्या स्वतःच्या नित्य वापरातील पोथीतून बाहेर काढण्याची ही कल्पना ज्याने प्रथम रचली, त्याला कथनाचे मर्म पुरेपूर कळले होते असे म्हणायला हरकत नाही.

या कथा लोक वाचून नव्हे, ऐकून शिकले. नारदीय पद्धतीच्या कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे किंवा पदाचे निरूपण, म्हणजे तत्त्वाचे विवरण होते. मग नामघोष होतो, कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावला जातो. आणि त्यानंतरच्या उत्तररंगात तेच तत्त्व पटवून देणारे आख्यान, म्हणजे कथा, उभी राहते. आख्यान ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो. पैसे येणार, मूल सुटणार, हे आजीच्या मांडीवरच्या नातवालाही माहीत असते. तरीही दरबारात मुलाला उभे केल्यावर कीर्तनकार मध्येच थांबतो, आर्या किंवा साकी म्हणतो, घरी वाट पाहणाऱ्या आईकडे वळतो, पुन्हा बेदरला येतो, तेव्हा मंडपातली कुजबूज थांबते. शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लावता येतो, कारण काय होणार यापेक्षा केव्हा आणि कसे होणार यात श्रोत्याचे मन अडकलेले असते. इंग्रजीत ज्याला ‘सस्पेन्स’ म्हणतात त्याचे याहून नेमके प्रात्यक्षिक दाखवणे कठीण आहे. वारकरी कीर्तनात आख्यानाला एवढी जागा नसते, तेथे अभंगाच्या विवरणावरच भर राहतो. त्यामुळे हे शिक्षण देण्याचे श्रेय मुख्यतः देवळातील नारदीय, म्हणजे हरिदासी, परंपरेकडे जाते.

दुसरा धडा आला तो गुन्हेगाराच्या तोंडून. बीडच्या दक्षिणेला लागून असलेल्या आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर-नळदुर्गाच्या परिसरात, फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव अजून घेतले जाते. १८०८ मध्ये जन्मलेला टेलर १८२४ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होता होता, निजामाच्या सैन्यात दाखल झाला; पुढे त्याने पोलिसी आणि मुलकी कामे केली, आणि १८५३ च्या तहाने निजामाने काही जिल्हे इंग्रजांकडे सोपवल्यावर नळदुर्ग येथे कारभार पाहिला. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर इंग्लंडमधील वाचकांच्या उड्या पडल्या. भारतातील गुन्हेगारीवर इंग्रजीत लिहिलेली ही पहिली मोठी लोकप्रिय कादंबरी, आणि तिचा मालमसाला ज्या मुलखातून गोळा झाला त्यात निजामाच्या राज्याचा, म्हणजे या भागाचा, वाटा मोठा आहे.

कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलरने हिंगोलीची एक हकिगत दिली आहे, ती येथे थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती आणि तेथील बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी दुकान मांडून बसलेला असे. टेलरने स्वतःही इतरांप्रमाणे त्याच्याकडून माल घेतला होता. या हरिसिंगाने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे परवाना मागितला. कापड येणार हे खरे होते. फरक इतकाच की ते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि तो मालासोबत वाटेवर होता. हरिसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत मारले, माल स्वतःच्या नावाच्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. तो त्या भागातील ठगांचा, म्हणजे प्रवाशांशी ओळख वाढवून त्यांना वाटेत मारणाऱ्या टोळ्यांचा, पुढारी होता, आणि पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले नसते तर ही गोष्ट कधीच उजेडात आली नसती. सरकारी शिक्क्याचा कागद हाच खुनाचे हत्यार झाला. ज्या अधिकाऱ्याने रस्ते सुरक्षित ठेवायचे त्याचीच सही खुनी माणसाच्या उपयोगी पडली, आणि मेलेल्या माणसाचे कापड त्याच छावणीतल्या लोकांनी अंगावर घातले. अशी घटना कल्पनेने रचली तर ती अतिशयोक्त वाटेल. येथे ती एका बाजारपेठेत, ओळखीच्या दुकानदाराच्या गल्ल्यावर घडली.

टेलरची खरी शिकवण मात्र या सामग्रीत नाही, तिच्या मांडणीत आहे. त्याच्या कादंबरीचा नायक अमीर अली हा पकडला गेलेला ठग आहे आणि तो आपली सगळी हकिगत एका ‘साहेबा’ला सांगतो आहे. अशा कैद्याला आपल्याकडे ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतात, म्हणजे साथीदारांविरुद्ध खरे सांगण्याच्या अटीवर ज्याची शिक्षा सौम्य किंवा माफ केली जाते असा आरोपी. सांगणारा जिवंत आहे, तुरुंगात आहे, हे वाचकाला पहिल्याच पानापासून माहीत असते. म्हणजे शेवट येथेही आधीच फोडलेला आहे. तरीही पुढच्या मुक्कामावर ज्या प्रवाशांच्या पंगतीला हा माणूस बसणार आहे त्यांचे काय होणार हे कळत असूनच वाचक पान उलटतो आणि प्रवाशांना सावध करता येत नाही म्हणून तळमळतो. कीर्तनकाराने भक्तीसाठी जे साधले तेच टेलरने भीतीसाठी साधले. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण दोघांनी एकाच मुलखातल्या माणसांचे कान हेरले होते असे म्हणावेसे वाटते.

हे सारे इंग्रजीत घडले. मराठी वाचकापर्यंत अशा लेखनाचे तंत्र पोहोचायला बराच काळ जावा लागला, आणि निजामाच्या राज्यातील मराठी वाचकापर्यंत तर आणखी. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शाळा आणि वाचनालये चालवणे हे काम त्यामुळे केवळ विद्येचे राहिले नाही, ते स्वत्वाचे झाले. सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाची बंधने होती. अंबाजोगाई, जिचे त्या काळचे सरकारी नाव मोमिनाबाद होते, तेथील शाळेत पुढे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते झालेल्या स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस शिकवायला होता तो याच काळात. अशा वातावरणात हाती लागेल ते मराठी पुस्तक मोलाचे ठरे. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या पुस्तकांच्या गाठोड्यात चरित्रे आणि निबंध असत, तशाच गोविंद नारायण दातारशास्त्री यांच्या कादंबऱ्याही असत. दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या गुंतागुंतीच्या कथानकांना मराठी वेश चढवला आणि ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्यांतून भुयारे, वेषांतरे आणि हरवलेले वारस यांची गोडी लावली. भाषांतर आणि रूपांतर हीच त्या पिढीची शिकवणी होती. परक्याचे कथानक उलगडून, त्याचे सांधे पाहून, पुन्हा आपल्या कापडात शिवायचे.

तंत्र शिकवता येते, ते दैवी देणगीवर सोडून द्यायचे नसते, असे उघडपणे म्हणणारा पहिला मोठा मराठी लेखक म्हणजे ना. सी. फडके. त्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये निघाले. कथानकाची निरगाठ, म्हणजे प्रसंगांची अशी गुंतवण की ती सुटल्याशिवाय वाचकाला चैन पडू नये, आणि तिची उकल यांचा विचार त्यांनी कारागिराच्या दृष्टीने केला. त्यांच्या तंत्रवादावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु लिहायला बसलेल्या, गुरू जवळ नसलेल्या खेड्यातील तरुणाला या पुस्तकाने जो आधार दिला तो टीकाकारांनी फारसा लक्षात घेतला नाही. इंग्लंडमध्ये हाच आधार टपालाने मिळत होता. साहसकथा लिहिणाऱ्या मॅक्स पेंबर्टन यांनी १९२० मध्ये ‘लंडन स्कूल ऑफ जर्नलिझम’ काढून पत्राद्वारे लेखन शिकवायला सुरुवात केली होती, म्हणजे आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा पूर्वज एका थरारकथाकारानेच घडवलेला आहे. महाराष्ट्रात दूरशिक्षणाला भक्कम रूप आले ते १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यावर. घर, शेत आणि नोकरी न सोडता शिकता येते ही कल्पना मराठवाड्याच्या अंगवळणी त्यानेच पाडली.

सर्वांत मोठी शाळा मात्र भाड्याच्या पुस्तकांची होती. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी मुंबईत चष्म्यांचे दुकान सांभाळत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड हे नायक मराठी घरांत नातेवाइकांसारखे वावरू लागले. त्यांच्या मागोमाग गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजारावर गेली, आणि पत्रकारितेच्या निमित्ताने काही काळ ते लातूरला, म्हणजे अंबाजोगाईच्या शेजारच्याच जिल्ह्यात, होते. सुहास शिरवळकरांनी फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि अमर विश्वास उभे केले. नारायण धारपांनी भयकथेला वेगळी वाट दिली. समीक्षेने या लेखकांना दाराबाहेर उभे ठेवले. १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा गावात साहित्याचा उत्सव झाला, पण बसस्थानकावरच्या दुकानात ज्यांची पुस्तके रोज हातोहात जात होती त्यांना संमेलनाच्या व्यासपीठांवर स्थान मिळण्याचा तो काळ नव्हता. हा अन्याय होता, आणि तो अजून पुरता भरून निघालेला नाही. कारण ज्या वाचकाने आयुष्यात पहिले पुस्तक स्वतःच्या इच्छेने संपवले ते पुष्कळदा याच लेखकांपैकी कोणाचे तरी होते.

ग्रंथालयांना कायद्याचा आधार या भागात उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतेक भागांआधी मिळाला, ही गोष्ट सहसा विसरली जाते. हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९५५ चा आहे. महाराष्ट्राचा १९६७ चा. अनुदानित ग्रंथालयांच्या जोडीला खासगी वाचनालये होती, ज्यांत अनामत ठेवून दिवसाच्या भाड्याने पुस्तक मिळे. अशा वाचनालयातील रहस्यकथा पाहिली म्हणजे तिचा इतिहास कळतो. मूळचे पातळ रंगीत मुखपृष्ठ गेलेले असते, जागी जाड पुठ्ठा आणि खाकी कागद चढलेला असतो, पाने दाभणाने भोके पाडून सुतळीने इतकी आवळून शिवलेली असतात की आतल्या समासाकडची अक्षरे वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते, आणि अनेकदा शेवटचे पान नसते. शेवटचे पान नसलेले पुस्तकही लोक घेऊन जात. काय झाले असेल हे आधी ज्याने वाचले त्याला विचारावे लागे, त्याने सांगितलेले पटले नाही तर आपणच दुसरा शेवट जोडावा लागे. लेखनाचा पहिला स्वाध्याय पुष्कळांनी असा, नाइलाजाने, केला.

आजचा ऑनलाइन अभ्यासक्रम या सगळ्यापेक्षा वेगळे काय देतो, असे विचारले तर उत्तर एका शब्दात ‘क्रम’ असे द्यावे लागेल. २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला, ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावर मराठी कथा भागाभागाने वाचल्या जाऊ लागल्या, ‘स्टोरीटेल’वर त्या ऐकल्या जाऊ लागल्या, आणि भागाच्या अखेरीस वाचकाला धरून ठेवण्याची निकड पुन्हा आली. अभ्यासक्रमात हे पायरीपायरीने शिकवतात. एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, नवशिक्याने असे लिहिले की माजलगाव धरणावरच्या दारे चालवण्याच्या खोलीत रात्री साडेअकराला चौकीदाराला एक प्रेत दिसले. वाचक दचकतो, एवढेच. शिक्षक त्या रात्रीआधीचा दिवसही क्रमाने मांडायला सांगतो: सकाळी चौकीदाराला खिळ्यावरची किल्ली दिसत नाही, पण साहेब रागावतील म्हणून तो कोणाला बोलत नाही, दुपारी ज्या माणसाला त्या खोलीकडे जाण्याचे काही कारण नाही त्याच्या बोटांना दारांच्या यंत्राचे काळे वंगण लागलेले वाचकाला दिसते, चौकीदाराला दिसत नाही, संध्याकाळी वरच्या भागात पाऊस झाल्याचा निरोप येतो आणि दारे उघडण्याची वेळ ठरते, रात्री साडेअकरा. आता साडेअकरा वाजायची वाट वाचक स्वतःच पाहू लागतो. प्रेत तेच आहे, माहिती मात्र त्याच्या आधी, ठरावीक क्रमाने सोडली आहे. शिवाय, लिहिलेले कोणीतरी आठवड्याच्या आत वाचते आणि कुठे कंटाळा आला ते सांगते. कीर्तनकाराला ही गोष्ट मंडपातच कळत असे. एकांतात लिहिणाऱ्याला ती मिळणे ही मोठी सोय आहे.

जिथे हे अभ्यासक्रम उणे पडतात ती जागाही तितकीच स्पष्ट आहे. त्यांची उदाहरणे लंडन-न्यूयॉर्कची असतात आणि शिकणारा त्या ठिकाणची यंत्रणा नकळत बीडमध्ये आणून बसवतो. ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंचमंडळ, न्यायनिवाडा करीत बसल्याचे दृश्य आजच्या भारतीय फौजदारी न्यायालयात असू शकत नाही; १९५९ च्या नानावटी खटल्याने गाजलेली ती पद्धत पुढे कायद्यातूनच गेली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. अमीर अलीने साहेबाला सांगितलेली सारी हकिगत आज, ती तशीच पोलीस अधिकाऱ्यापुढे सांगितलेली असती तर, त्याच्याविरुद्ध वापरता आली नसती. मराठी रहस्यकथेत पिढ्यान्‌पिढ्या खुनाचे दुसरे नाव बनलेले ‘तीनशे दोन’ हे कलमही त्याच तारखेला बदलले. भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे. झडती आणि जप्ती यांचे ध्वनिचित्रमुद्रण आता आवश्यक झाले आहे, आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद झाली आहे. ज्या कादंबरीत तपासी अंमलदार एकटाच खोलीत शिरून खिशातून पुरावा काढतो, ती कादंबरी यापुढे जुनी वाटेल.

याउलट जे जवळ आहे त्याचे मोल शिकणाऱ्याला उशिरा कळते. पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष घटनास्थळाचे केलेले लेखी वर्णन, हा मराठी गद्याचा एक उत्तम नमुना आहे. उत्तरेस काय, दक्षिणेस काय, मयताचे डोके कोणत्या दिशेला, अंगावर काय, शेजारी काय पडले आहे, चपलेचा जोड पुरा आहे की एकच, असे तो एकेक वस्तू मांडत जातो आणि भावनेचा एक शब्दही उच्चारत नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या न उच्चारण्यामुळे. फिर्याद, जबानी, मुद्देमाल, इसम, अंमलदार या शब्दांत फारसी-उर्दू दप्तराची शतके मुरलेली आहेत. निजामी अमलात राहिलेल्या बीडमध्ये ते परके वाटत नाहीत, बोलण्यातलेच वाटतात. थरारकथा लिहू पाहणाऱ्याला ही भाषा कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय वारशाने मिळालेली आहे.

आणि मुदतीचे कथानकही त्याला दूर शोधायला नको. दरवर्षी पावसाळा सरला की या जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसे बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, अनेक कोयत्यांची मिळून टोळी होते, टोळी नेणारा तो मुकादम. हंगामाआधी त्याच्याकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडायची असते. म्हणजे रक्कम ठरलेली आहे, कारखान्याचे धुराडे बंद होण्याचा दिवस जवळजवळ ठरलेला आहे, आणि तारण म्हणून स्वतःचे शरीर ठेवलेले आहे. बेदरच्या दरबारात देशपांड्यांचा मुलगा ज्या हिशेबात उभा होता त्याची मांडणी याहून फार निराळी नव्हती. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याच्या नावापुढे टनांचे आकडे चढत जातात, उचल कमी कमी होत जाते, अवकाळी पाऊस येऊन तोड थांबली की त्या दिवसांची घरे कोरी राहतात, आणि पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, त्या दिवशी वहीच्या तळाशी एकच शब्द लिहिला जातो: फिटले, किंवा बाकी.